हिंदुरावाच्या डोक्यावर

मी तेरा वर्षांची असताना आमच्या घरी मला बघायला पावणे आले. पोहे झाले, चहा झाला. मला समोर बसवून नाव विचारलं, उभं करून चालायला लावलं आणि शेवटी वजन विचारलं. वजन विचारायचं कारण असं की ते मला सून करून न्यायला आले नव्हते. त्यांच्या पुतण्याला मी उचलण्याजोगी आहे का, ते पाहायला आले होते.

हे सगळं पोतदार सरांमुळे झालं. सर एका बँकेत क्लार्क होते आणि पहाटे मुलांना चाकांचे बूट घालून स्केटिंग शिकवायचे. हे काम त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीजवळच्या मंगल कार्यालयाचा हॉल त्यांनी मालकाच्या हातापाया पडून मिळवला होता, ज्या दिवशी लग्न नसेल त्या दिवशी सकाळी सहा ते आठ. त्यामुळं आमचा सराव पंचांगावर चालायचा. मुहूर्त नसले की आम्ही तयार व्हायचो, आणि लग्नसराई आली की शिकलेलं सगळं विसरायचो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तर आधी झाडू मारावा लागे, कारण अक्षतांचा एक दाणा चाकाखाली आला की माणूस थेट स्टेजपर्यंत घसरत जायचा. माझ्या उजव्या कोपरावरचा व्रण एका अनोळखी जोडप्याच्या लग्नाचा आहे. त्यांचा संसार कसा झाला, कोण जाणे.

मला स्केटिंग येत होतं, पण नंबर येत नव्हता. एकेरी प्रकारात जिल्ह्यातून आम्ही सात मुली उतरायचो आणि मी सातवी यायची. एकदा सहावी आले, त्या वर्षी एकीला कांजिण्या झाल्या होत्या. तरी मला त्या चाकांचं वेड होतं. का, ते आज पन्नाशीच्या तोंडावर आणि डॉक्टरांनी गुडघ्याला पट्टा बांधलेला असतानाही नीट सांगता येत नाही. आमचं घर म्हणजे पुढं भुसार मालाचं दुकान आणि मागं दोन खोल्या. दिवसभर चाळणीचा खसखस आवाज, पोती आपटल्याचा धप्प आवाज, अप्पांचं गिऱ्हाइकाशी चाललेलं बोलणं, आणि आतून अव्वाच्या, म्हणजे आईच्या, भाकरी थापण्याचा ताल. सगळ्या घराला तागाच्या पोत्यांचा वास. त्या घरात कुठंही सलग चार पावलं टाकायला जागा नव्हती. कार्यालयाच्या रिकाम्या हॉलमध्ये मात्र एकदा पाय मारला की मी न थांबता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायची. तेवढंच असेल कदाचित.

एके दिवशी सर दुकानात आले. अप्पा तूरडाळ जोखत होते.

"शैला," सर म्हणाले, "एकेरीत तुझं काही खरं नाही. तू जोडीत उतर. जोडीत अख्ख्या जिल्ह्यात कुणीच नाही."

"जोडी म्हणजे काय, सर?" मी विचारलं.

"एक मुलगा, एक मुलगी. संगीतावर दोघांनी मिळून फिरायचं. मुलगा मुलीला उचलतो."

अप्पांचा डाळीचा हात तसाच वर राहिला. गिऱ्हाईक त्या हाताकडं बघत राहिलं. "उचलतो म्हणजे कुठं नेतो?" अप्पांनी विचारलं.

"कुठं नेत नाही. तिथंच उचलतो. डोक्यावर."

आमच्या क्लासमध्ये चार मुलं होती. त्यातल्या औषधवाल्यांच्या मुलानं मला उचलायचा प्रयत्न केला आणि तोच खाली बसला. तेव्हा सर उठले आणि सरळ शेजारच्या पेठेतल्या तालमीत गेले. कोल्हापुरात उचलणारं माणूस हवं असेल तर दुसरीकडं कुठं जायचं. तिथल्या वस्तादांना त्यांनी विचारलं, तुमच्याकडं एखादा बिनकामाचा पैलवान आहे का. वस्ताद म्हणाले, हाय की. माझा पुतण्याच हाय.

त्याचं नाव हिंदुराव. नाव ऐकून मी मिशीवाला माणूस येणार असं समजून बसले होते. आला तो सोळा वर्षांचा, गोऱ्या गालांचा, उंचापुरा मुलगा. घरात शिरताना त्यानं चौकटीला डोकं आपटून घेतलं आणि चौकटीलाच हात लावून नमस्कार केला. वस्ताद पाटावर मांडी घालून बसले. पोह्यांची बशी त्यांच्या तळहातावर डबीच्या झाकणाएवढी दिसत होती.

"आमचा हिंदुराव अंगानं भक्कम हाय," ते म्हणाले, "पर मनानं निस्तं दूध हाय. चार वर्सं झाली, एक कुस्ती मारली न्हाय. समोरचा नुस्ता 'आई गं' म्हनला की ह्यो हात सोडतोय. आनि वर त्येलाच इचारतोय, लागलं का म्हनून. पायात चपळाई न्हाय हेच्या. मास्तर म्हनत्यात चाकावर पाय हलकं हुत्यात. हुंद्यात. मग मातीत घालतो."

म्हणजे वस्तादांच्या हिशेबी माझा उपयोग मुगदलासारखा होता. अप्पांना ते पटल्यासारखं दिसलं, पण अव्वा आतल्या दारात उभी होती. अव्वाचं माहेर कुरुंदवाडच्या पलीकडचं, तिचं निम्मं बोलणं कानडी. "ब्याड ब्याड," ती म्हणाली, म्हणजे नको नको. मग जरा थांबून म्हणाली, "आधी राखी बांधू दे. मग उचलू दे."

"राखी बांधा, न्हायतर दोन बांधा," वस्ताद म्हणाले. "पर सांजची तालीम चुकायची न्हाय. आनि आमचा पोरगा आवळ विजार घालनार न्हाय."

श्रावण अजून चार महिने लांब होता. अव्वानं देवघरातला लाल दोरा आणला, मी तो हिंदुरावाच्या मनगटाला बांधला, आणि आमची जोडी ठरली. त्यानं ओवाळणी म्हणून खिशातून मूठभर बदाम काढून दिले. जाताना चौकटीशी वाकून म्हणाला, "तुमाला उंचावर भ्या वाटतं का?"

"न्हाई," मी म्हणाले.

"मला वाटतं," तो म्हणाला आणि गेला.

हिंदुराव चाकांवर उभा राहायला तीन आठवडे लागले. पण एकदा उभा राहिल्यावर तो पडेना. मी पाहिलेल्या सगळ्या स्केटिंगवाल्यांत इतका सावकाश आणि इतका न पडणारा दुसरा कुणी नाही. अडचण वेगळीच होती. जोडीचं स्केटिंग पोतदार सरांनीही प्रत्यक्ष कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्याकडं एक व्हिडिओ टेप होती. परदेशातली बर्फावरची कुठलीशी स्पर्धा त्यांनी टीव्हीवरून भरून घेतलेली. सरांच्या घरी चटईवर बसून आम्ही ती टेप किती वेळा पाहिली असेल, गणती नाही. निळ्या कपड्यांतले दोघं येत, हात धरत, वर्तुळं घेत, आणि मग तो माणूस त्या बाईला कमरेला धरून उचले. ती त्याच्या डोक्यावर हात पसरून आडवी होई. आणि नेमकं तिथंच पडदा थरथरे, दोन पांढऱ्या रेघा जात, आणि सरांच्या मेव्हणीचं लग्न सुरू होई. सासऱ्यांनी कोरी टेप समजून त्यावर भरलं होतं. ती बाई वर गेली ती आमच्यासाठी वरच राहिली. ती खाली कशी आली हे कोल्हापुरात कुणालाच माहीत नव्हतं.

"वर जायचं तर पक्कं करू," सर म्हणाले. "खाली यायचं सुचेल."

सुचलं ते असं, की अप्पांच्या दुकानातली रिकामी पोती कार्यालयाच्या कोपऱ्यात रचायची. हिंदुराव मला उचलायचा, हॉलभर फिरवायचा आणि कोपऱ्यात जाऊन त्या ढिगावर अलगद ठेवायचा. अगदी अंडी ठेवल्यासारखं. मग मी उठून अंगावरचा तूस झाडायची आणि पुढचं संगीत सुरू व्हायचं. सर म्हणायचे, स्पर्धेला पोती असणार नाहीत, तोपर्यंत काहीतरी बघू. हे त्यांनी दोन वर्षं म्हटलं.

त्या दोन वर्षांत आमच्या घरी एक विचित्र कारभार चालला होता. माझं वजन वाढू नये म्हणून सरांनी सांगितलेलं, आणि अप्पांनी ते फार मनावर घेतलेलं. दर सोमवारी ते मला दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर बसवायचे. गिऱ्हाइकं ज्वारीचा भाव विचारता विचारता माझं वजन बघायची. "अर्धा किलो वाढली की हो," एखादी बाई म्हणायची, आणि अप्पा खाली मान घालायचे, जणू मापात खोट निघाली. मग जेवायला मला एकच भाकरी, शेंगदाण्याची लाल चटणी आणि ताक. अव्वाला हे सहन व्हायचं नाही. अप्पा दुकानात वळले की ती माझ्या चटणीखाली लोण्याचा गोळा दडवायची, पुरणाची पोळी घडी करून भाकरीच्या पोटात घालायची. तिकडं हिंदुरावाला मात्र तालमीत दूध, बदाम, तूप, आणि सकाळी सरावाला येताना आणखी एक तांब्याभर थंडाई. तो येऊन लाजत म्हणायचा, "आज जास्त झालंय. पोट डुचमळतंय. हळू फिरू." आम्ही दोघं एकाच खेळासाठी, एक उपाशी आणि एक गच्च भरलेला, असे गोल गोल फिरत होतो.

माझ्या गळ्यात चांदीच्या डबीतलं इष्टलिंग असायचं, आम्हा लिंगायतांत ते अंगावेगळं करत नाहीत. एकदा जोरात गिरकी घेताना डबी झग्यातून बाहेर आली आणि गोफणीसारखी फिरून हिंदुरावाच्या पुढच्या दाताला लागली. त्याच्या दाताचा टवका उडाला. अव्वानं आधी डबी डोळ्यांना लावली, मग त्याचं तोंड उघडून बघितलं आणि त्याला दहीभात कालवून दिला. तेव्हापासून मी डबी दंडाला कापडात बांधू लागले. दाताचा टवका त्याला आजही आहे. हसला की दिसतो.

राखीमुळं आणखी एक प्रश्न आला. टेपमधले ते दोघं एकमेकांकडं फार प्रेमानं बघत. सरांनी दोन दिवस विचार केला आणि आमच्या कार्यक्रमाला विषय दिला, बहिणीची पाठवणी. भाऊ बहिणीला सासरी धाडतो, ती जायला तयार नाही, तो तिला उचलतो. "भाव तोच, नातं वेगळं," सर म्हणाले. कपडे शिवले आमच्या ओळखीच्या शिंप्यानं. तो बँडवाल्यांचे पोशाख शिवायचा. त्याला दुसरा कुठला कोट येत नव्हता. त्यामुळं हिंदुरावाच्या खांद्यांवर सोनेरी झालर आणि छातीवर लाल गोंडे आले. पहिल्यांदा तो पोशाख घालून कार्यालयात आला तेव्हा पुढच्या लग्नाचं ठरवायला आलेल्या माणसानं त्याला विचारलं, बाकीचा बँड कुठाय.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी राज्य स्पर्धा कोल्हापुरात ठेवली होती. जोडीत आम्ही एकटेच असणार असं सर धरून चालले होते, पण पुण्याची एक जोडी आली. त्यांचे बूट पांढरेशुभ्र, त्यांची प्रशिक्षक बाई शिट्टी न वाजवता नुसत्या डोळ्यांनी सांगायची. त्यातल्या मुलीनं मला विचारलं, तुमचा नंबर कधी आहे. मी म्हणाले, "मी शेवटी येतो." ती तिच्या जोडीदाराकडं बघून हसली. आम्ही कोल्हापूरच्या मुली येतो, जातो, करतो असंच बोलायचो. हे चुकीचं असतं हे मला त्या दिवशी कळलं. आता लिहिताना मी येते-जाते लिहिते, पण रागावले की अजून तोंडातून 'मी जातो' येतं.

खरी भीती वेगळी होती. आदल्या दिवशी वस्तादांनी हिंदुरावाला सांगितलं होतं, "दोन वर्सं चाकं फिरवलीस. उद्या नंबर काढलास तर पुढं बघू. न्हायतर फुडल्या ऐतवारी जत्रंच्या मैदानात तुझी कुस्ती ठरवलीया." हे मला सांगताना हिंदुरावाचे ओठ पांढरे पडले होते. त्याला माराची भीती नव्हती. मार त्यानं चार वर्षं खाल्ला होता. समोर पडलेल्या माणसाच्या छातीवर बसायची त्याला भीती होती.

स्पर्धा एका शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर होती. वस्ताद सगळी तालीम घेऊन आले होते, शिवाय एक हलगीवाला. निवेदनासाठी आयोजकांनी कुस्तीच्या मैदानात बोलणारा माणूस धरून आणला होता. माइकवर कोल्हापुरात दुसरं कोण बोलणार. पुण्याची जोडी फिरली तेव्हा तो गप्प होता, त्याला काही ओळखीचं सापडेना. आमचं नाव आलं तसा तो उठून उभा राहिला. "आता येत आहे तुमच्या आमच्या मातीतला पठ्ठ्या, हिंदुराव," त्यानं सुरुवात केली, आणि माझं नाव त्याच्या कागदावर असूनही तो म्हणाला, "विरुद्ध शैला."

विरुद्ध हा शब्द लोकांनी ऐकला आणि त्यांना सगळं समजलं. आतापर्यंत हा खेळ काय आहे हे त्यांना कळत नव्हतं. आता कळलं. हा मुलगा या मुलीला पाडणार.

कॅसेट लागली. सनईचे सूर आले आणि आम्ही हात धरून निघालो. पहिली वर्तुळं बरी झाली. मग कॅसेट अडकली. सनई घोगरी झाली, लांबली आणि बंद पडली. नियमाप्रमाणे आम्ही थांबायला हवं होतं, पण त्याच क्षणी हलगीवाल्यानं आपलं कर्तव्य समजून हलगी सुरू केली, आणि आमचे पाय आपोआप त्या तालावर गेले. खरं सांगते, सनईपेक्षा हलगीवर आम्ही बरे फिरलो. हिंदुरावाचे जड पाय त्या ठेक्यावर बरोबर पडत होते. मी हात पसरले, त्यानं कमरेला धरलं आणि मी वर गेले.

लोक उठून उभे राहिले. "उचलली, उचलली," निवेदक ओरडत होता, "पठ्ठ्यानं डोक्यावर घेतली." आणि मग चारी बाजूंनी एकच आवाज सुरू झाला. "टाक. टाक. टाक."

वरून मला सगळं दिसत होतं. अप्पा दोन्ही हातांनी डोकं धरून बसलेले, अव्वा उभी, पोतदार सर मैदानाच्या कोपऱ्याकडं बघत, जणू तिथं पोती येतील. परीक्षकांची घंटा वाजली, आमची वेळ संपली होती. हिंदुराव फिरतच होता.

"हिंदुराव, खाली घे की," मी म्हणाले.

"कुटं घेऊ?" तो खालून म्हणाला. "समदीकडनं टाक म्हनायल्यात."

"मग इथंच खाली ठेव."

"शिमिट हाय खाली. लागंल."

आणखी एक फेरी झाली. मग त्यानं वळण घेतलं आणि मैदानाच्या उघड्या फाटकातून आम्ही रस्त्यावर आलो. रस्ता उताराचा होता. त्याला पाय मारायचीही गरज पडली नाही.

लोक पुढं अनेक वर्षं सांगत, हिंदुरावानं मला पाऊण तास डोक्यावर धरलं. मला वाटतं चार मिनिटं असतील, त्यातली दोन उताराची. मी आडवी, हात पसरलेले. हात का मिटले नाहीत हे मला विचारू नका, सरांनी हात पसरायला सांगितले होते. रिक्षा बाजूला झाल्या. चौकातल्या पोलिसानं आमच्यासाठी उसाचा ट्रॅक्टर थांबवला. मागून हलगी, तालमीतली पोरं आणि सगळं पब्लिक धावत येत होतं. ते पाहून वाटेतल्या लोकांना वाटलं, कुणीतरी जिंकलंय. एका दुकानदारानं गुलाल उधळला. तो माझ्या नाकात गेला आणि मी हिंदुरावाच्या डोक्यावर शिंकले. तो डाव्या गल्लीत वळला, आमच्या दुकानाच्या फळीपाशी आला, आणि बाहेर रचलेल्या रिकाम्या पोत्यांवर त्यानं मला ठेवलं. अगदी नेहमीसारखं. मग तो माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, "लागलं न्हाय न्हवं?"

"न्हाई," मी म्हणाले.

गर्दी आली, पाठोपाठ वस्ताद आले. त्यांचा पटका सुटला होता, डोळे चमकत होते. त्यांनी हिंदुरावाचे दंड दाबून बघितले, पोटऱ्या दाबून बघितल्या.

"शाळंपासनं हितंवर," ते म्हणाले. "एवढं वजन घेऊन, आनि पाय एकदाबी हुकला न्हाय. पोरा, तू आता तयार झालास. ऐतवारी मैदानात उतरायचं."

हिंदुराव बोटानं चाकातला गुलाल काढत होता. मान वर न करता तो म्हणाला, "न्हाय, वस्ताद."

"काय न्हाय?"

"म्या न्हाय उतरनार. मला कुनाला आपटायला जमत न्हाय. तुमी बघितलंसा की आत्ता. एवढी मानसं टाक टाक म्हनत हुती, तरी न्हाय जमलं."

हलगीवाल्यानं हलगी काखेत घेतली. वस्ताद सुटलेल्या पटक्याचं टोक शोधून तो पुन्हा बांधू लागले, आणि बांधता बांधता पोत्यावर बसले. अव्वा एव्हाना धापा टाकत पोचली होती. "पानी द्या, वैनी," ते तिला म्हणाले. पाणी पिऊन झाल्यावर त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि म्हणाले, "मग ह्यातच नंबर काढ. पर काढ."

थोड्या वेळानं एक रिक्षा आली आणि तिच्यातून मुख्य परीक्षक बाई उतरल्या. नागपूरकडच्या, केस पिकलेल्या, पायात कॅनव्हासचे बूट. आम्ही मैदान सोडून गेल्यामुळं आम्हाला बाद केलं होतं, आणि बाद केल्याच्या कागदावर खेळाडूंची सही लागत होती. आम्ही सह्या केल्या. अव्वानं त्यांना बसवून धपाटे आणि दही दिलं. दुसरं धपाटं तोडताना त्यांनी हिंदुरावाला विचारलं, "मला एक सांग. तू हिला खाली का ठेवलं नाहीस?"

"कसं ठेवत्यात म्हाईत न्हाय, बाई."

"माहीत नाही म्हणजे?"

मग पोतदार सरांनी खाली बघत टेपची आणि मेव्हणीच्या लग्नाची गोष्ट सांगितली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ताटली बाजूला ठेवली, हात पुसले आणि मला उभं केलं.

"अगं, तो ठेवत नसतो," त्या म्हणाल्या. "तूच उतरायचं असतं. वर असतानाच कंबर वळवायची, एक पाय आधी सोडायचा. हात त्याच्या खांद्यावर. त्यानं फक्त उभं राहायचं आणि हात द्यायचा. एवढंच." त्यांनी हिंदुरावाच्या खांद्यावर माझे हात ठेवून, माझी कंबर धरून मला तीनदा वळवून दाखवलं. ज्वारीच्या पोत्यांमध्ये. गिऱ्हाइकं उभी होती. मी तोपर्यंत असं समजत होते की वर गेल्यावर माझं काही काम उरत नाही.

दुसऱ्या दिवशी लग्न नव्हतं. सकाळी कार्यालयात हिंदुरावानं मला उचललं, मी कंबर वळवली आणि पडले. दहाव्या-अकराव्या वेळी माझा उजवा पाय फरशीला लागला, चाक फिरलं आणि मी उभी होते. मी मागं वळून पाहिलं तर हिंदुराव दोन्ही हात अजून तसेच वर धरून उभा, मी गेले कुठं ते त्याला कळेना.

त्यानंतर आम्ही तीन वर्षं उतरलो. एका वर्षी दोनात दुसरे आलो, एका वर्षी चारात तिसरे, आणि शेवटच्या वर्षी राज्यात दुसरे येऊन देशाच्या स्पर्धेला दक्षिणेत गेलो. पुढं माझं लग्न झालं, त्याचं झालं. बिद्रीकडं त्याचा म्हशींचा गोठा आहे, आणि दर श्रावणात मी राखी घेऊन जाते. पण तो दक्षिणेचा प्रवास मला अजून जसाच्या तसा आठवतो. दोन रात्री आणि दोन दिवस गाडीत, अव्वानं दिलेल्या कडक भाकऱ्या, आणि परत येताना खिडकीशी बसलेला हिंदुराव. वस्तादांना काय सांगायचं याचा तो विचार करत होता. मिरजेला गाडी बदलली, सकाळी कोल्हापूरला उतरलो. फलाटावर हार-तुरे नव्हते, तसे असायचं कारणही नव्हतं. एकटे वस्ताद काठी टेकून उभे होते, आणि इतक्या सकाळी आल्याबद्दल मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

"कितवा?" त्यांनी विचारलं.

"पाचवा," हिंदुराव म्हणाला.

"कितीत?"

हिंदुराव माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणाले, "सहात."

वस्तादांनी जरा विचार केला.

"म्हंजे एक मागं हाय की," ते म्हणाले. मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली, आमची ट्रंक उचलून खांद्यावर घेतली आणि जिन्याकडं चालायला लागले.